मधमाशी व गांधीलमाशी यांच्या दंशाचे क्वचित होणारे गंभीर परिणाम

पावसाळा सरून ज्वारी पोटरीस येऊ लागली म्हणजे डोंगरातील आग्या माशी मैदानी मुलखात उतरते, आणि वडापिंपळाच्या उंच फांद्यांस, पाण्याच्या टाक्यांस व जुन्या वाड्यांच्या कमानींस तिची मोठमोठी पोळी लटकू लागतात. बांधावरच्या झुडपांत, गोठ्याच्या आढ्यास व विजेच्या पंपाच्या पेटीत गांधीलमाश्यांची घरटी तर त्यापूर्वीपासूनच असतात. शेतकऱ्याच्या घरी जन्मास येऊन ज्यास या माश्यांचा प्रसाद एकदाही मिळाला नाही असा मनुष्य विरळाच. ठणका लागतो, सूज येते, दोन दिवसांत ती उतरते, आणि बहुतेकांच्या बाबतीत गोष्ट तेथेच संपते. म्हणूनच या विषयावर लेख लिहावा असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. आमच्याही मनात २०१६ सालापर्यंत आले नव्हते.

आमचे शिक्षण मराठी शाळेतील सातवीपर्यंतचे व सारी नोकरी महसूल खात्यात कारकुनी करण्यात गेलेली, सबब वैद्यकात बोलण्याचा आम्हांस अधिकार नाही. तथापि जे दोन प्रसंग आमच्या समोर घडले त्यांनी आम्हांस स्वस्थ बसू दिले नाही; जाणत्या डॉक्टरांस वारंवार विचारून व मिळेल ते वाचून जे समजले ते यथामति येथे मांडीत आहो. शेतकरी बंधूंनी ते घरातील सर्वांस, विशेषतः बायकामाणसांस व गड्यांस, वाचून दाखवावे.

पहिला प्रसंग असा. आमच्या शेजारी एक पंचेचाळीस वर्षांचे धट्टेकट्टे गृहस्थ होते. २०१५ साली कडबा रचीत असता त्यांस गांधीलमाशी चावली. घटकाभरात सर्वांगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, भोवळ येऊन एक वांती झाली. ते ओसरीवर निजून राहिले व तिसऱ्या प्रहरी उठून पुन्हा कामास लागले. ‘पित्त उठले’ असे म्हणून सर्वांनी थट्टा केली. त्यात आम्हीही होतो. पुढच्या वर्षी मार्गशीर्षात पंप सुरू करण्यासाठी त्यांनी पेटी उघडली, तो आतील एका गांधीलमाशीने त्यांच्या मानेस डंख केला. एकच डंख. आम्ही रजेवर गावी आलो होतो व जवळच्याच बांधावर उभे होतो. पाच मिनिटांच्या आत त्यांच्या तळहातांस खाज सुटली, आवाज घोगरा झाला, आणि ‘जीव घाबरतो’ असे म्हणून ते आपण होऊन जमिनीवर आडवे झाले. माणसे धावली. आम्ही सरकारी नोकर, चार बुके वाचलेले, तेव्हा लोक आमच्या तोंडाकडे पाहू लागले. आम्ही त्यांस उठवून बसविले, पाणी पाजले, कांदा फोडून नाकाशी धरविला, आणि दोघा गड्यांच्या मध्ये फटफटीवर बसवून तालुक्यास रवाना केले. अर्ध्या वाटेवरच त्यांची मान लवली. डॉक्टरांनी तपासले तेव्हा प्राण गेलेला होता.

पुढे एका आरोग्य शिबिरात आलेल्या वृद्ध डॉक्टरांस आम्ही हा वृत्तांत सांगितला. त्यांनी सर्व ऐकून घेतले व एवढेच म्हणाले, “ते आडवे झाले होते, तेच बरोबर होते. त्यांस उठवावयास नको होते.” हे वाक्य आमच्या मनातून अद्याप गेलेले नाही, व प्रस्तुत लेख लिहिण्याचे खरे कारणही तेच होय.

यातील मर्म समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. फ्रान्स देशातील शार्ल रिशे व पोल पोर्तिए या दोघा शास्त्रज्ञांनी १९०२ साली कुत्र्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. समुद्रातील एका प्राण्याचे विष थोडे थोडे टोचून कुत्र्यांस त्याची सवय लावावी असा त्यांचा बेत होता. परंतु घडले ते उलट. पहिली मात्रा सोसून चांगल्या झालेल्या कुत्र्यास काही आठवड्यांनी तिच्याहून पुष्कळच लहान मात्रा दिली असता तो थोड्याच वेळात गतप्राण झाला. शरीराने पहिल्या खेपेस विषाशी जी ओळख करून घेतली होती, तीच दुसऱ्या खेपेस वैरीण ठरली. या प्रकारास त्यांनी ॲनाफिलॅक्सिस असे नाव दिले, व रिशे यांस त्याबद्दल १९१३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. माशीच्या दंशाने काही थोड्या माणसांस जे होते ते हेच. पूर्वीच्या दंशानंतर अशा माणसाच्या शरीरात त्या विषाविरुद्ध एक विशेष द्रव्य तयार होऊन ते पेशींना चिकटून बसलेले असते. फिरून डंख झाला की त्या पेशी एकदम फुटल्यासारख्या होऊन हिस्टामिन आदिकरून द्रव्ये रक्तात सोडतात. त्यायोगे अंगभर रक्तवाहिन्या सैल पडतात व त्यांतून पाणी पाझरते, घसा सुजतो, श्वासाच्या नळ्या आवळतात, आणि रक्ताचा दाब पार खाली येतो. सैल पडलेल्या वाहिन्यांतील रक्त पायांकडे साचते. मनुष्य आडवा असेल तोपर्यंत त्यातले काही हृदयाकडे परत येत असते. अशा वेळी त्यास ताठ उभा केला किंवा बसता केला म्हणजे हृदय रिकामेच धडधडत राहते. फटफटीवर बसवून नेणे म्हणजे काय, हे आता वाचकांच्या ध्यानात आले असेल.

येथे विषाच्या मात्रेचा प्रश्नच नाही. माशी एक असो वा दहा असोत. तसेच हे अरिष्ट येणाऱ्या प्रत्येकास आधी सूचना मिळतेच असेही नाही. पुष्कळांच्या बाबतीत पहिली सूचना तीच शेवटची ठरते. परंतु ज्यास ती मिळाली आहे त्याने ती पित्तावर ढकलू नये. एकदा दंशाने सर्वांगास विकार होऊन घेरी किंवा दम लागलेल्या प्रौढ माणसास पुढील दंशाने पुन्हा तसेच होण्याचा संभव निम्म्याच्या आसपास असतो. उलटपक्षी, बोटास चावली व सूज कोपरापर्यंत चढली, हात भोपळ्यासारखा झाला, तीन दिवस वळेना, तरी जोपर्यंत हे सारे चावलेल्या जागेला लागूनच आहे तोपर्यंत घाबरण्याचे कारण थोडे. भय आहे ते चावलेल्या जागेपासून दूर उमटणाऱ्या लक्षणांचे. चावली पायास आणि गांधी उठल्या पोटावर. चावली हातास आणि आवाज बसला, गिळवेना, छातीत सूं सूं वाजू लागले. पोटात कळा येऊन वांती किंवा जुलाब झाला. डोळ्यांपुढे अंधारी आली. यांपैकी काही अर्ध्या तासाच्या आत, कित्येकदा दहापाच मिनिटांतच, दिसू लागले तर ‘पाहू, उतरेल’ असे म्हणू नये. कधी कधी गांधी मुळीच उठत नाहीत व मनुष्य नुसताच कोसळतो, हेही लक्षात असू द्यावे.

या आजारावर अव्वल औषध एकच, ते ॲड्रेनॅलिन. जपानी रसायनशास्त्रज्ञ जोकिची ताकामिने यांनी १९०१ च्या सुमारास ते शुद्ध रूपात वेगळे केले. त्याची कुपी अत्यल्प किमतीची असते. मांडीच्या बाहेरील अंगास, स्नायूत, प्रौढ माणसास अर्धा मिलिग्रॅम इतके ते डॉक्टर टोचतात. सैल पडलेल्या रक्तवाहिन्या त्याने आवळतात व श्वासाच्या नळ्या मोकळ्या होतात. गुण न आल्यास पाच मिनिटांनी पुन्हा देतात. पित्ताच्या गोळ्या व स्टेरॉइडचे इंजेक्शन ही त्याच्या जोडीला असू शकतात, पण त्याच्या जागी चालत नाहीत. त्यांचा गुण येईतो वेळ निघून गेलेली असते. रोग्यास बरे वाटले तरी दवाखान्यात काही तास ठेवून घेतात, कारण उतरलेली लक्षणे काही जणांत फिरून उलटतात. रक्तदाबाची वा हृदयाची काही औषधे घेणाऱ्यांत ॲड्रेनॅलिनचा गुण कमी येतो, सबब चालू गोळ्यांचे पाकीट सोबत न्यावे.

तोपर्यंत आपण करावयाचे ते थोडेच आहे. रोग्यास उताणा निजवावा व पाय उशाशिवाय चारसहा विटांच्या उंचीइतके वर ठेवावेत. वांती होत असेल किंवा शुद्ध नसेल तर कुशीवर वळवावा. दम फारच कोंडत असेल तर पाय लांब सोडून पाठीस टेका द्यावा. परंतु उभा करू नये, चालवू नये. पोटात काही घालू नये. १०८ क्रमांकास फोन करून रुग्णवाहिका मागवावी. ती दूर असेल तर जीप, टेंपो, जे आडवे निजवता येईल ते वाहन घ्यावे, आणि मोठ्या शहराचा आग्रह न धरता जेथे ॲड्रेनॅलिन आहे त्या सर्वांत जवळच्या ठिकाणी जावे.

आता दुसरा प्रसंग. त्याची जात निराळी आहे, आणि आमच्या मते तो अधिक फसवा आहे. २०२१ च्या फाल्गुनात आमच्या गावच्या ओढ्याकाठी एकाने बांध जाळला. धूर वडावरच्या आग्या मोहोळास लागला आणि ते उठले. खाली काम करणारा मजूर सापडला. त्याच्या डोक्यातून, मानेतून व पाठीतून नंतर काटे मोजून काढले ते दोनशेंवर भरले. दवाखान्यात इंजेक्शन मिळाले, दुखणे थांबले, श्वासास वा नाडीस काही झाले नव्हते. तेव्हा सायंकाळी त्यास घरी पाठविण्यात आले. ‘वाचला’ म्हणून घरच्यांनी नारळ फोडला. दुसऱ्या दिवशी अंग ठेचल्यासारखे दुखू लागले. लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली, पण उन्हाने झाली असेल असे त्यास वाटले. तिसऱ्या दिवशी ती जवळजवळ बंद झाली व तोंडावर सूज आली, तेव्हा त्यास जिल्ह्याच्या ठिकाणी नेले. मूत्रपिंडे बंद पडली होती. तीन आठवडे डायलिसिस करावे लागले. तो बरा झाला, आज कामही करतो. परंतु एक दिवस आणखी उशीर झाला असता तर काय झाले असते ते सांगावयास नको.

हा विषाचा उघड मारा होय. येथे पूर्वीच्या ओळखीचा संबंध नाही. मधमाशीच्या विषाच्या कोरड्या वजनाचा सुमारे निम्मा भाग मेलिटिन नावाच्या द्रव्याचा असतो. ते पेशींच्या भिंती फोडते. थोड्या डंखांत त्याने फक्त ठणका लागतो. शेकड्यांनी डंख झाले की स्नायूंच्या पेशी व रक्तातील तांबड्या पेशी फुटू लागतात, व त्यांतून सुटलेला तांबडा रंग मूत्रपिंडाच्या बारीक नळ्यांत जाऊन, पाटाच्या मोरीत गाळ बसावा तसा बसतो. फुटलेल्या स्नायूंतून पोटॅशियम हा क्षार रक्तात उतरतो, तो वाढला म्हणजे हृदय अडखळते. हे सर्व काही तासांपासून दोनतीन दिवसांपर्यंत चालते व बाहेरून दिसत नाही. निरोगी प्रौढास केवळ विषाच्या मात्रेने मारण्यास हजाराच्या घरात डंख लागतील असा युरोपीय मधमाशीवरून बांधलेला अंदाज आहे, पण मूत्रपिंडे त्याच्या कितीतरी आधी बिघडू शकतात. प्रौढास पन्नासांहून अधिक, व लहान मुलास त्याहून पुष्कळच कमी डंख झाले असतील, तर प्रकृती चांगली दिसत असली तरी एक दिवस दवाखान्यात राहून रक्त व लघवी तपासून घ्यावी, आणि घरी आल्यावर तीन दिवस लघवीचा रंग व प्रमाण पाहत राहावे. या विषावर सर्पदंशासारखा उतारा आपल्या दवाखान्यांत मिळत नाही. वेळेवर शिरेतून पाणी देणे, व पाळी आलीच तर डायलिसिस, हाच इलाज आहे.

गांधीलमाश्यांनीही असेच होते. चीन देशाच्या शेन्शी प्रांतात २०१३ साली उन्हाळा संपता संपता मोठ्या जातीच्या गांधीलमाश्यांनी सोळाशेंवर माणसांस घायाळ केले, व त्यांतील चाळीसांहून अधिक दगावली. पुष्कळ जण शेतात काम करणारेच होते, व कित्येकांची मूत्रपिंडे निकामी झाली होती.

आपल्याकडे विंचवाच्या बाबतीत लोकांचे डोळे उघडले आहेत. कोकणातील तांबड्या विंचवाच्या दंशाने हृदय व फुप्फुसे निकामी होऊन माणसे मरत. महाडचे डॉक्टर हिंमतराव बावस्कर यांनी त्यावर प्राझोसिन हे औषध वापरून १९८६ साली ‘लॅन्सेट’ या विलायती वैद्यकीय पत्रात आपला अनुभव प्रसिद्ध केला, आणि मंत्रतंत्रात वेळ न दवडता रोगी दवाखान्यात आणण्याची रीत हळूहळू पडली. माशीच्या वाट्यास असा मान अजून आलेला नाही.

याखेरीज काही विकार आणखी विरळ आहेत. ग्रीस देशातील कौनिस नामक डॉक्टरांनी १९९१ साली असे दाखविले की, अंगास न मानवणाऱ्या पदार्थाने जी द्रव्ये रक्तात सुटतात त्यांनी हृदयाची धमनी आवळून छातीत कळ येऊ शकते. माशीच्या दंशानेही हे घडते. तेव्हा चावल्यावर छातीत दाटून घाम सुटल्यास तो भीतीचा समजू नये. डोळ्याच्या बुबुळास डंख झाला तर ठणका राहिला तरी काटा आत राहून दृष्टी जाण्याचे भय असते. त्यासाठी त्याच दिवशी नेत्रवैद्याकडे जावे. उसाच्या रसाच्या वा सरबताच्या पेल्यात पडलेली माशी तोंडात जाऊन घशास चावली, तर मूळ प्रकृतीत काही दोष नसतानाही नुसत्या सुजेने श्वास कोंडतो. बर्फ चोखीत तत्काळ निघावे. आणि दंशानंतर आठदहा दिवसांनी ताप येऊन सांधे धरले, अंगावर गांधी उठल्या, किंवा हातापायांतील शक्ती जाऊ लागली, तर डॉक्टरांस आठवणीने ‘माशी चावली होती’ असे सांगावे. न सांगितल्यास त्यांस कळण्यास मार्ग नाही.

काटा काढण्याविषयी एक जुना समज आहे की तो चिमटीत धरू नये, नखाने खरवडून काढावा, नाहीतर विष आत पिळले जाते. आम्हीही असेच शिकविले गेलो होतो. मधमाशीच्या काट्यास उलटे दाते असतात व विषाची पिशवी त्यासोबत तुटून राहते. ती आपोआप विष ढकलीत असते व पहिल्या वीस सेकंदांतच बहुतेक विष आत जाते. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसून आले की चिमटीने व खरवडून सारखेच. महत्त्व आहे ते लवकर काढण्यास. तेव्हा चाकू, कार्ड शोधीत बसू नये. गांधीलमाशी काटा मागे ठेवीत नाही, म्हणून ती अनेकदा चावू शकते. चुना, कांद्याचा रस, लोखंड घासणे यांनी कोणास बरे वाटत असेल तर वाटो, पण त्यापायी घटका जाऊ देऊ नये. शेण व माती मात्र लावूच नये, धनुर्वाताचे भय असते.

मोहोळ उठल्यास काय करावे? डंख केलेल्या जागी माशी एक वास सोडून जाते, तो पिकल्या केळ्यासारखा येतो, व त्या वासावर बाकीच्या माश्या येतात. म्हणून एकाच जागी उभे राहून हात झाडणे व माश्या चिरडणे म्हणजे इतरांस निमंत्रण होय. घोंगडी वा धोतराने तोंड झाकून दूर पळत सुटावे, घरात किंवा बंद गाडीत शिरून दार लावावे. विहिरीत वा तळ्यात उडी घेऊ नये. माश्या वर घोंगावत राहतात व श्वासासाठी तोंड काढले की चावतात, शिवाय बुडण्याचे भय वेगळेच. बैल दावणीस असतील आणि वेळ असेल तर कासरा कापून त्यांस मोकळे करावे. बांधलेले जनावर पळू शकत नाही, आणि आमच्या पाहण्यात एक उत्तम खिलारी जोड अशीच गेली आहे. मोहोळाखाली धूर, फटाके वा यंत्राचा मोठा आवाज करू नये. बांध जाळण्याआधी वर पाहावे.

ज्यास एकदा सर्वांगी विकार झाला आहे त्याने मोठ्या शहरातील ॲलर्जीच्या डॉक्टरांची भेट घ्यावी. विष अत्यल्प मात्रेने सुरू करून तीन ते पाच वर्षे टोचीत जाण्याचा एक उपाय आहे. पूर्वी यासाठी सबंध माशा वाटून त्यांचा अर्क टोचीत असत. १९७८ साली अमेरिकेतील बाल्टिमोर येथे शुद्ध विष, माशीचा अर्क व नुसते बिनऔषधी पाणी यांची तुलना केली, तेव्हा अर्काचा उपयोग पाण्याइतकाच ठरला व शुद्ध विषाने बहुतेकांचे रक्षण झाले. रिशे यांच्या मनात जे होते, सवय लावण्याचे, ते अशा रीतीने पाऊणशे वर्षांनी साधले.

एक गोष्ट आमच्या जुन्या धंद्याची. आमच्या शेजाऱ्यांच्या मृत्यूच्या कागदात कारण लिहिले गेले ते ‘हृदयक्रिया बंद पडून’. माशीचा उल्लेख नव्हता, कारण पंचांनी मानेवरचा तांबडा ठिपका दाखविलाच नाही आणि शवविच्छेदन नको म्हणून घरच्यांनी हात जोडले. त्यांच्या पत्नीस अपघाताच्या मदतीसाठी पुढे जे हेलपाटे पडले ते आम्ही पाहिले आहेत. हृदयक्रिया कोणाचीही शेवटी बंदच पडते. ती कशाने पडली ते पंचनाम्यात यावे. डंखाची जागा, वेळ, व त्यानंतर किती मिनिटांनी काय झाले, हे त्याच दिवशी लिहून ठेवावे व शवविच्छेदनास नकार देऊ नये.

आमच्या गावच्या सोसायटीने २०२२ पासून एक वही ठेविली आहे. ज्या कोणास माशीच्या दंशाने अंगभर विकार झाला असेल त्याचे नाव, कोणत्या माशीने झाला, व चालू औषधे तीत लिहितो. नऊ नावे झाली आहेत. त्यांतील चौघांनी विचारल्याखेरीज सांगितले नव्हते. दर वर्षी दसऱ्याच्या सुमारास दोघे सभासद जवळच्या आरोग्य केंद्रात जाऊन ॲड्रेनॅलिनच्या कुप्या आहेत काय व त्यांची मुदत केव्हा संपते ते विचारून येतात. २०२३ साली मुदत संपलेली निघाली, ती आठ दिवसांत बदलून मिळाली. इतर गावच्या सभासदांनी असे काही केले असल्यास, अथवा त्यांच्याकडे असे प्रसंग घडले असल्यास, मासिकाकडे लिहून कळवावे. पुढील अंकात त्यांचा विचार करता येईल.